पाखराच्या वाटणीचं पाणी

अक्का, तुला मातीआड करून आज पाच दिवस झाले. परवा मठात सगळे जमले होते. तुझ्या हाताखालून गेलेली लेकरं, आता त्यांच्याच कानांवरचे केस पिकलेले. दालमिलवाला शिवलिंग उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, "बाईंनी उभ्या जन्मात एक मुक्काम गावाबाहेर केला नाही. भावाच्या पोरीच्या लग्नाला पहाटेच्या एसटीनं लोह्याला गेल्या, अक्षता टाकल्या अन् संध्याकाळी परत. सकाळी लेकरांसमोर हजर. असं समर्पण आता कुठं बघायला मिळतं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मला म्हणाले, शारदाबाई, तुम्ही पहिल्यापासून सोबत होतात, दोन शब्द बोला. मी उठले, हात जोडले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, म्हातारीचा गळा दाटून आला.

गळा दाटला नव्हता. ते समर्पण नव्हतं हे मला ठाऊक होतं. ती शिक्षा होती, माझ्या वाटणीची, आणि भोगलीस तू. हे मठात उभं राहून सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून आता लिहीत बसले आहे. तुझ्यापर्यंत पोचणार नाही हे कळतं. तरीपण लिहिते.

चारचौघांत मी तुला "बाई" म्हणायची आणि "तुम्ही" म्हणायची. बालवाडीचं दार लोटलं की "अक्का" आणि "तू". ते तूच लावून दिलंस. पहिल्याच दिवशी म्हणालीस, "आमच्या उदगिरात थोरलीला अक्का म्हणतात. बाई लेकरांसाठी." लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जुन्या वाड्यांवर, भाड्याच्या बंगल्यांवर एकाएकी कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या. कुठून कुठून साहेब लोक बदलून येत होते, आणि आपल्या मठामागच्या पत्र्याच्या खोलीत आपण दोघी तीस-पस्तीस लेकरांना गाणी शिकवत होतो.

त्या साहेबांपैकीच एकाच्या बायकोकडं ते पाखरू होतं. हैदराबादच्या बाजारातून आणलेलं. त्यांच्या फाटकाशी आपली लेकरं रोज घोटाळायची, बालवाडीला उशीर करायची. एक दिवस तू चिडून त्यांना आणायला गेलीस आणि स्वतःच तासभर तिथं उभी राहिलीस. परत आलीस ती लेकरांसारखीच तोंड उघडं टाकून. "शारदा, पांढरंशुभ्र हाय गं. अन् डोक्यावर असा पिवळा तुरा. बघशील तर येडी होशील." वर्षभरानं त्या साहेबांची दूर कुठंतरी बदली झाली. बाई म्हणाली, एवढ्या लांबच्या प्रवासात पाखरू टिकायचं नाही, तुमच्या लेकरांना लळा आहे, तुम्हीच ठेवा. लोखंडी पिंजरा सायकलरिक्षात मांडीवर धरून तू आलीस, तेव्हा मागं अख्खी गल्ली होती.

त्याचं नाव लेकरांना सांगायला तू फळ्याजवळ उभी राहिलीस. "ह्याला म्हणतात काकाकुवा." रेहानानं लगेच हात वर केला. तिच्या घरी दखनी बोलायचे. "बाई, कुवा म्हंजे हीर. काकाची हीर हाय का ही?" भीमा म्हणाला, "मग पाणी किती हाय तिच्यात?" तू हसून हसून खुर्चीवर बसलीस. त्या वर्षी पाणी होतं, म्हणून हसता आलं.

त्या दिवसापासून तुझ्या बालवाडीत क कमळाचा राहिला नाही. क काकाकुव्याचा झाला. तू एका दिवशी एकच गोष्ट दाखवायचीस, दुसरीकडं बघू द्यायची नाहीस. आज फक्त तुरा. लेकरांनी दोन्ही तळहात कपाळावर उभे धरायचे. पाखरू निवांत असलं की बोटं मागं निजवायची. ते दचकलं, रागावलं की बोटं फाकवून उभी करायची. लेकरांनी बोटं फाकवली की तेही तुरा उभारायचं, आणि मग कोण कुणाची नक्कल करतंय कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त चोच. "वरची चोच मोठी अन् वाकडी, खालची बारीक. आपला वरचा जबडा हलतो का? हात लावून बघा. न्हाई ना? त्याची वरची चोचसुद्धा हलते." लेकरं टाळूला बोटं लावून तोंडं वासून बसायची. तिसऱ्या दिवशी पाय. कोंबडीची तीन बोटं पुढं, एक मागं. ह्याची दोन पुढं आणि दोन मागं. तू आडतीतून करडई आणि भुईमुगाच्या शेंगा आणायचीस. ते एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायात शेंग धरायचं, माणसानं कणीस धरावं तशी. मग ती फोडताना त्याची जीभ दिसायची, काळी, जाड, सुकी. "त्येनं शाई पिली काय बाई?" असं संगीनं विचारलं होतं. आणि पाठीवरून हात फिरवला की तळहाताला पांढरी भुकटी लागायची. लेकरं ती भुकटी गालांना फासून घरी जायची. आया म्हणायच्या, बालवाडीत खडूनं रंगवतात का काय.

साहेबांची बायको त्याला राजा म्हणायची. तू कुठल्याशा पुस्तकात वाचलंस की नराचा डोळा काळा आणि मादीचा तांबूस असतो. मग सगळ्या लेकरांना एकेक करून पिंजऱ्याशी नेलंस. "सांगा, डोळा कसा?" सगळे ओरडले, "तांबडा!" त्या दिवसापासून राजाची राणी झाली. पुढं ती हजेरीच्या वेळी "हजर" म्हणायला शिकली. कुणाचंही नाव घेतलं की आधी तिचं "हजर". गैरहजर लेकरंसुद्धा तिनं हजर करून टाकली.

आपलं भांडण तिच्यावरूनच चालायचं, आठवतं का? मी म्हणायची, सोडून दे तिला. तू म्हणायचीस, "कुठं सोडू? समुद्रापल्याडचं पाखरू. हितं तिच्या जातीचं कोण हाय? कावळे दोन दिवसांत टोचून मारतील." मी म्हणायची, "मग कोंडलेलं पाखरू बघून लेकरं काय शिकून राहिलीत? पाखरू म्हंजे पिंजऱ्यातली वस्तू, एवढंच. त्यापरीस चित्र लाव भिंतीवर." तू शांतपणे म्हणालीस, "चित्राला भूक लागत न्हाई, शारदा. जे भुकेजतं त्याला सांभाळूनच लेकराला माया कळते." भांडण तसंच राहिलं. आजही मी अर्धी तुझ्या बाजूनं आहे आणि अर्धी माझ्या.

मग ती दोन वर्षं आली. पहिल्या वर्षी पाऊस ओढून धरला. दुसऱ्या वर्षी आलाच नाही. बोअर आटले, मठाच्या आडात तळाचा गाळ दिसायला लागला. टँकर आला की बाया घागरी घेऊन पळायच्या, कुणाची बांगडी फुटायची, कुणाचं मनगट मुरगळायचं. आपण लेकरांना सांगितलं, ज्यानं त्यानं घरून पाणी आणायचं. कुणी तांब्या आणायचं, कुणी औषधाची बाटली.

राणीला अंघोळीचं वेड होतं. तू तिच्या अंगावर पाणी शिंपडायचीस आणि ती पंख पसरून, मान वाकडी करून नाचायची. दुष्काळात तू ते आठवड्यातून एकदाच ठेवलंस, तेही स्वतःच्या वाट्यातल्या एका फुलपात्रानं. एके सकाळी भीमाची माय दारात आली. तिनं ते बघितलं. ती ओरडली नाही, तेच वाईट होतं. नुसती म्हणाली, "बाई, आमची लेकरं चूळ भरायला पाणी मागत्यात, अन् तुमचं पाखरू न्हाऊन राहिलंय का?" तुझ्या हातातलं फुलपात्र तसंच राहिलं. त्या दिवसानंतर राणीची अंघोळ बंद झाली.

दोन-तीन आठवड्यांत तिनं छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. खाली पांढऱ्या पिसांचा थर साचायचा. आत लालसर, बारीक काट्यांची कातडी दिसायला लागली. लेकरं घाबरून मागं सरकली. तू त्यांना खोटं काही सांगितलं नाहीस. "ती कासावीस झालीय. माणूस कासावीस झालं की नखं खातं. ती पिसं उपटते." संगी म्हणाली, "बाई, आतून ती आपल्यासारखीच हाय." तू म्हणालीस, "हाव गं." आणि पाठ फिरवून फळा पुसायला लागलीस. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

उन्हाळा भरात असताना लोह्याहून भावाचा निरोप आला. माय लई बेजार आहे, ताबडतोब ये. तू निघण्याआधी एक घागर भरलीस. ती दोन दिवसांचं तुझं स्वतःचं पाणी वाचवून भरली होतीस हे मला माहीत होतं. घागरीवर ताट झाकलंस, वर दगड ठेवलास आणि मला म्हणालीस, "ही राणीची घागर. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. पत्रा तापतो, दुपारी एकदा बघून जा. मी आले की ह्यातलं उरलेलं तुझं." मी म्हटलं, "अक्का, तू बिनघोर जा." तू पिंजऱ्यात बोट घातलंस, तिनं ते चोचीत धरलं, दाबलं नाही. मग तू एसटीला गेलीस.

आता जे सांगायचं ते इथून पुढं आहे.

तू गेल्यावर दोन दिवस सगळं नीट झालं. तिसऱ्या दिवशी आपल्या भागात टँकर आला नाही. त्याच दिवशी माझ्या वैशालीला हगवण लागली. दोन वर्षांची होती ती. दुपारपर्यंत उलट्याही सुरू झाल्या. घरधनी कामाला परगावी, मी एकटी. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी उकळून गार करा, मीठ-साखर घाला आणि चमच्याचमच्यानं देत राहा, थांबू नका. घरात तांब्याभर पाणी होतं. शेजारी मागायची सोय नव्हती, त्यांच्याकडंही तेवढंच. मी वैशालीला शेजारणीच्या मांडीवर देऊन बालवाडीत आले. राणीची वाटी काठोकाठ भरली. घागर उचलली, पदराखाली घेतली आणि दाराला कुलूप लावलं. बालवाडी पाण्यापायी आधीच बंद ठेवलेली होती. मनात म्हटलं, उद्या टँकर येईल, उद्या भरून ठेवू.

टँकर दुसऱ्या दिवशीही आला नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

लोकांना सांगायचं झालं तर मी म्हणू शकते की लेकराच्या नादात विसरले. आई होते, कोण नाव ठेवेल? पण अक्का, मी विसरले नव्हते. दोन्ही दिवस मला आठवत होतं. चमच्यानं वैशालीच्या तोंडात पाणी घालताना मला ती वाटी दिसत होती. घागरीत पाणी होतं. वाटीभर देता आलं असतं. दहा मिनिटांची वाट. मी नाही तर शेजारणीची पोरगी गेली असती, किल्ली माझ्याच कमरेला होती. मी धाडलं नाही, कारण धाडलं असतं तर घागर तिथं नाही हे तिला दिसलं असतं. भीमाच्या मायचं बोलणं सगळ्या गल्लीत झालेलं होतं. त्यावर "शारदाबाईंनी बालवाडीचं पाणी घरी नेलं" हे मला ऐकायचं नव्हतं. लेकरासाठी मी पाणी नेलं, त्याची मला लाज नाही. पण पाखरू मेलं ते माझ्या लेकरापायी नाही, माझ्या अब्रूपायी मेलं.

त्यानंतरच्या सकाळी वैशाली उठून बसली आणि भाकरी मागायला लागली. टँकरही आला. मी घागर भरून घेतली आणि बालवाडीत गेले. दार उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ आली. राणी पिंजऱ्याच्या तळाशी एका कुशीवर पडली होती. चोच उघडी होती. वाटी तिनं ओढत दारापर्यंत आणली होती, ती पालथी पडली होती. तुरा डोक्याला चिकटलेला.

मी काय केलं, सांगू? आधी वाटी सरळ केली. तिच्यात पाणी भरलं. घागरीतलं पाणी निम्म्यावर आणलं, ताट झाकलं, वर तुझा दगड ठेवला. थोडी करडई पिंजऱ्यात टाकली. हे सगळं झाल्यावर मी रडले.

तू त्याच दिवशी दुपारी आलीस. माय दोन दिवसांपूर्वी गेली होती. भाऊ म्हणाला, थांब, सगळे विधी होऊ देत. पण तुझा जीव लागेना म्हणून तू निघून आलीस. पिशवी खांद्यालाच होती. तू पिंजऱ्यासमोर खाली बसलीस आणि म्हणालीस, "काय झालं गं?"

मी म्हटलं, "तिनं खाणंच सोडलं, अक्का. पाणी होतं, बघ ना वाटीत. तुझी वाट बघत गेली."

पहिली दोन वाक्यं मी स्वतःला वाचवायला बोलले. तिसरं का बोलले ते अजून कळत नाही. तुला बरं वाटावं म्हणून असेल. तुझ्यावर कुणाचातरी एवढा जीव होता, असं वाटेल म्हणून. आणि नेमकं त्याच वाक्यानं तुझा घात केला.

मठामागं लिंबाखाली तू स्वतः खड्डा खणलास. बालवाडी उघडल्यावर लेकरांनी विचारलं, राणी कुठं? तू म्हणालीस, "मी माझ्या मायकडं गेले होते. म्हणून ती गेली." मी मागं उभी होते, लेकरांच्या पाट्या लावत.

नव्या जिल्ह्यात हळूहळू जागा निघू लागल्या. आपली बालवाडी पुढं सरकारी अंगणवाडी झाली, तेव्हा सुपरवायझरच्या जागेसाठी पहिलं नाव तुझं होतं. फिरतीचं काम, खेड्यांत मुक्काम करावा लागणार. तू नको म्हणालीस. मी तुझ्या घरी येऊन तुझ्याशी भांडले. "पाखरासाठी कुणी असली नोकरी सोडतं का? लोक हसतील तुला." तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मी गेले की मागं काहीतरी मरतं, शारदा. हितं राहिलेलं बरं." तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत मला वेळ होता. तेवढ्यात सांगून टाकता आलं असतं. मी म्हटलं, "तू येडी हायस." आणि तुझ्या जागेचा अर्ज मी भरला.

मी सुपरवायझर झाले. दौऱ्यावर जाताना वैशालीला तुझ्याकडं टाकून जायची. तू तिला वाढवलंस. ती तुला "बाईआई" म्हणायची.

एका वर्षी तपासणीला मी तुझ्या अंगणवाडीत आले. खुर्चीवर बसले, मांडीवर रजिस्टर. लेकरं सगळी नवी, राणी गेली तेव्हा ह्यांच्यातलं कुणी जन्मलंही नव्हतं. तू म्हणालीस, "बाईंना आपला काकाकुवा दाखवा." पंचवीस लेकरांनी एकदम तळहात कपाळावर धरले, बोटं मागं निजवली, मग फाकवली. एका पायावर उभी राहिली. बोटं जुळवून दोन पुढं, दोन मागं करून दाखवली. डोळा कसा? तांबडा. जीभ कशी? काळी. भिंतीवर चित्रसुद्धा नव्हतं, अक्का. तू नुसत्या बोलण्यानं त्यांच्या अंगात ते पाखरू घातलं होतंस. आणि शेवटी, रोजचंच असल्यासारखं, तू म्हणालीस, "अन् मग काय झालं?" लेकरं एका सुरात म्हणाली, "बाई गावाला गेली, म्हणून ते मेलं." एक बारकी पोरगी उठली. "बाई, मग तवा तेच्याजवळ कुणीच नव्हतं का?"

"होतं की," तू म्हणालीस. "ह्या शारदाबाई होत्या. त्यांनी लई जपलं त्याला."

सगळी लेकरं माझ्याकडं वळून बघायला लागली. कौतुकानं. मी रजिस्टरमध्ये शेरा लिहिला, काम उत्तम, आणि सही केली.

मग भूकंप झाला. सगळं लातूर घराबाहेर निजत होतं. तुझा भाऊ जीप घेऊन आला, चल लोह्याला. तू पिंपळासारखी घट्ट उभी राहिलीस, हलली नाहीस. मी तेव्हा हिमायतनगरला बदलून गेले होते. फोनवर तुझा भाऊ मला म्हणाला, "तुमचं ऐकते ती. तुम्ही सांगा." मी सांगितलं, "अक्का, जा की." कारण नाही सांगितलं. भाऊ तसाच परत गेला. पुढं तो वारला, तेव्हाही तू सकाळी गेलीस आणि संध्याकाळी परत आलीस. राणी गेल्यापासून भावाच्या घरी एक मुक्काम केला नाहीस तू. बसल्या बसल्या मी कितीदा मनात वाक्य जुळवलं. निवृत्त झाल्यावर सांगू. तू निवृत्त झाल्यावर सांगू. वैशालीचं लग्न होऊ दे. तिची लेकरं होऊ देत. माणसाला उद्या सापडतच राहतो.

गेल्या आठवड्यात तुझ्या भाच्याचा फोन आला, आत्याचं आता काही खरं नाही. मी लातूरला आले ते ठरवून आले. तुला पलंगावर तीन उशा लावून बसवलं होतं. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलेलं. अंगावर हाडं तेवढी राहिली होती, पण डोळे साफ होते, डोकं साफ होतं. माझ्या हातावर हात ठेवून तू गप्पा मारल्यास, रेहानाचा पोरगा दुबईला आहे, संगीनं घर बांधलं. भाचेसून आत गेली. खोलीत आपण दोघीच होतो. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तूच म्हणालीस, "शारदा, एक इचारू? लई वर्षं मनात हाय."

"इचार की."

"राणी शेवटी ओरडली होती का गं मला?"

अक्का, माझ्या पुढ्यात सगळं आलं होतं. तू रागावली नसतीस हेही मला ठाऊक होतं. तू म्हणाली असतीस, लेकरू होतं तुझं, काय करणार होतीस. तू मला क्षणात माफ केलं असतंस, आणि त्याच क्षणी तुला दिसलं असतं की तू उगाच राहिलीस. ती नोकरी, भावाच्या घरचे सण, मायचे अर्धे टाकलेले विधी, सगळे न केलेले मुक्काम. पाखरू तुझ्यापायी मेलंच नव्हतं, आणि तू सगळं आयुष्य त्यापायी एका गल्लीत घालवलंस. एवढं मोठं कसं ठेवू मी तुझ्या त्या हाडकुळ्या मांडीवर? असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. त्याला दया म्हणायला आज जीभ वळत नाही. भ्यायलेली होते, दुसरं काही नाही.

मी म्हटलं, "न्हाई अक्का. शांत गेली."

तू मान हलवलीस. "बरं झालं," म्हणालीस, आणि डोळे मिटलेस. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

परवा मठातून आल्यावर मी वैशालीच्या स्वयंपाकघरात बसून तिला सगळं सांगितलं. ती क्लासमध्ये पोरांना जीवशास्त्र शिकवते, अजून पक्ष्यांच्या धड्याला तुझीच रीत वापरते. ती कांदा चिरत होती, सुरी खाली ठेवली. पहिल्यांदा म्हणाली, "म्हणजे ते पाणी मी प्यायले." मी म्हटलं, "त्यात तुझं काही नाही गं." ती म्हणाली, "माझं नाही हे मला कळतं. बाईआईचंही नव्हतं. हे तिला का नाही कळू दिलंस?" मी पाटावरचा कांदा गोळा करत राहिले. "तुझ्याकडं किती वर्षं होती, आई?" एवढं बोलून ती आतल्या खोलीत गेली. त्याला आता दोन दिवस होऊन गेले. जेवायला वाढते, गोळ्या काढून देते, बोलत नाही. मी तिला दोष देत नाही. तिची एक आई गेली आहे, आणि जी राहिली आहे ती अशी आहे.

तू मला काय काय दिलंस ते मोजायला बसले तर पुरं होणार नाही. हातात खडू धरायला तू शिकवलंस. माझं लेकरू वाढवलंस. माझ्या नावाची लाज वर्षानुवर्षं लेकरांपुढं झाकलीस, आपण झाकतोय हे न कळता. त्याची फेड म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं. खरं उत्तर मला राणी मेली त्याच दिवशी कळलं होतं. मठात झाडलोट करणारी काशीबाई मला दारात भेटली होती, दुसऱ्या दिवशी ती लेकीकडं गेली ती परत आली नाही. ती मला म्हणाली होती की तुमचं पाखरू दोन दिवस सारखं ओरडत होतं, आम्हाला वाटलं नेहमीसारखंच ओरडतंय. तिसऱ्या दिवशी थांबलं.

ओरडली होती, अक्का. "हजर, हजर" म्हणून ओरडत होती. आणि दाराची किल्ली माझ्याजवळ होती.